जमशेटजी टाटा आणि नागपूरची गिरणी

नागपूर शहरात एक जुना, विस्तीर्ण तलाव आहे. पूर्वी त्याला जुम्मा तलाव अथवा शुक्रवारी तलाव म्हणत. आता तो गांधीसागर या नावाने ओळखला जातो. सुमारे दीडशे वर्षांपूर्वी या तलावाजवळ एक दलदलीची, खोलगट जागा पडून होती. तिचा उपयोग कोणालाच नव्हता. इ. स. १८७४ च्या सुमारास मुंबईचा एक पारशी व्यापारी ही जागा मातीने भरून काढू लागला, तेव्हा पाहणाऱ्यांना मोठे नवल वाटले. तेथे कापडाची गिरणी उभारण्याचा त्याचा बेत होता.

या बेतासाठी भांडवल मिळावे म्हणून त्याने नागपुरातील एका धनिक सावकाराला विचारून पाहिले. सावकाराने साफ नकार दिला. जो मनुष्य खड्डा बुजविण्यात आपले सोने ओततो, त्याच्या हाती पैसा देणे त्याला शहाणपणाचे वाटले नाही. पुढे गिरणी भरभराटीला आली, तेव्हा त्याच सावकाराने आपली चूक मोकळ्या मनाने कबूल केली. त्या गृहस्थाने जमिनीत सोने टाकले नव्हते, माती टाकून तिच्यातून सोने काढले होते, असे तो सांगू लागला.

या व्यापाऱ्याचे नाव जमशेटजी नसरवानजी टाटा. त्यांनी त्या दलदलीतून धन काढले, हे तर खरेच. पण धनाहूनही दुर्मिळ अशी एक गोष्ट त्यांना तेथे सापडली. मोठा कारखाना स्वतःच्या बुद्धीने चालवू शकतील अशी माणसे त्यांनी तेथे घडविली.

जमशेटजींचा जन्म ३ मार्च १८३९ रोजी गुजरातेतील नवसारी या गावी झाला. त्यांचे घराणे पारशी धर्मगुरूंचे होते. पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली ही वृत्ती सोडून त्यांचे वडील नसरवानजी मुंबईस गेले व व्यापारात शिरले. जमशेटजी तेरा वर्षांचे झाले, तेव्हा वडिलांनी त्यांनाही मुंबईस नेले. एल्फिन्स्टन कॉलेजात त्यांचे शिक्षण झाले. १८५८ मध्ये ते पूर्ण करून ते वडिलांच्या पेढीवर काम करू लागले. वाचनाची आवड त्यांना विद्यार्थिदशेत लागली, ती अखेरपर्यंत सुटली नाही.

व्यापाराचे पहिले धडे मात्र त्यांना फार कठोर मिळाले. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले. तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि हिंदुस्थानच्या कापसाला एकाएकी सोन्याचे मोल आले. मुंबईचे व्यापारी धनाने फुगून गेले. पण १८६५ मध्ये ते युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि अनेक पेढ्या एका फटक्यासरशी बुडाल्या. त्या वेळी जमशेटजी लंडनमध्ये होते आणि त्यांचे वय अवघे सव्वीस वर्षांचे होते. त्यांच्याजवळच्या हुंड्यांना कवडीचेही मोल उरले नाही. अशा वेळी तोंड लपवून मायदेशी परतणे सोपे होते. जमशेटजींनी तसे केले नाही. ते घेणेकऱ्यांपुढे उभे राहिले आणि त्यांनी सर्व हिशेब त्यांच्यासमोर उघडा करून ठेवला. त्यांचा सचोटीचा व्यवहार पाहून घेणेकऱ्यांनी कारभार मिटविण्याचे काम त्यांच्याकडेच सोपविले. पैसा गेला, पण पत राहिली. व्यापारात पत हेच खरे भांडवल होय, हा धडा ते कधी विसरले नाहीत.

इंग्लंडमध्ये असताना लँकेशायर परगण्यातील कापडगिरण्या त्यांनी लक्षपूर्वक पाहिल्या. त्या पाहताना त्यांच्या मनात एक विचार घोळू लागला. आपल्या देशात पिकलेला कापूस गाठी बांधून बोटीने हजारो मैल दूर जातो, तेथे त्याचे सूत व कापड होते आणि तेच कापड पुन्हा बोटीने येऊन आपल्याच बाजारात विकले जाते. कापूस पिकविणारा आपला, कापड नेसणारा आपला. परंतु मधला सारा नफा आणि सारी विद्या परक्यांकडे. हे कापड येथेच का होऊ नये?

१८६८ मध्ये जमशेटजींनी २१ हजार रुपयांच्या भांडवलावर स्वतःची पेढी काढली. पुढल्याच वर्षी मुंबईत चिंचपोकळी येथे बंद पडलेली तेलाची एक गिरणी विकत घेऊन त्यांनी तिची कापडगिरणी केली. दोन वर्षांनी ती नफ्याने विकून ते पुन्हा लँकेशायरला गेले व त्या धंद्याचा त्यांनी बारकाईने अभ्यास केला. मग नव्या गिरणीसाठी ते जागा शोधू लागले.

त्या काळी गिरणी काढायची म्हणजे ती मुंबईतच, अशी सर्वांची समजूत होती. जमशेटजींनी निराळा विचार केला. गिरणीला तीन गोष्टी हव्यात : जवळ कापूस, जवळ रेल्वे आणि जवळ पाणी व इंधन. नागपूरच्या आसपास वर्ध्याच्या खोऱ्यात उत्तम कापूस पिकत असे. हिंगणघाटच्या कापसाचे नाव तर विलायतेच्या बाजारातही माहीत होते. मुंबईहून निघालेली रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला येऊन पोचली होती. चांदा जिल्ह्यात वरोडा येथे दगडी कोळसा सापडला होता. पाण्यासाठी तलाव शेजारीच होता. सर्व बाजूंनी तोलून पाहता नागपूरच योग्य ठरले.

नागपूरही त्या वेळी एका मोठ्या स्थित्यंतरातून जात होते. भोसल्यांचे राज्य इंग्रजांनी खालसा करून पुरती पंचवीस वर्षेही झाली नव्हती. दरबार गेला, तसा दरबाराच्या आश्रयावर चालणारा व्यवहारही मंदावला. येथील कोष्टी विणकर रेशीमकाठी धोतरे व लुगडी विणण्यात निष्णात होते. परंतु विलायती कापडाच्या लोंढ्यापुढे त्यांच्या हातमागांचे काही चालेना. जुना व्यवहार मोडत चालला होता आणि नवा कसा करावा हे कोणाला ठाऊक नव्हते. गावात पैसा होता, पण तो सावकारांच्या तिजोरीत होता. कष्टाळू माणसे होती, पण कारखाना म्हणजे काय हे त्यांनी पाहिले नव्हते.

१८७४ मध्ये जमशेटजींनी १५ लक्ष रुपयांच्या भांडवलाची एक कंपनी स्थापन केली. १ जानेवारी १८७७ रोजी नागपूरची गिरणी सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीच्या दरबारात व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी म्हणून घोषित करण्यात आले. त्यावरून गिरणीला एम्प्रेस मिल हे नाव मिळाले. आरंभी तिच्यात सुमारे ३० हजार चात्या आणि ४५० माग होते.

गिरणी उभी राहिली. आता ती चालवायची कोणी? हा प्रश्न फार महत्त्वाचा होता. त्या काळी आपल्या देशातील गिरण्यांत यंत्रांची माहिती असलेली माणसे बहुधा विलायतेहून आणलेली असत. भांडवल आपले, मजूर आपले, पण यंत्रविद्या जाणणारे डोके परक्याचे, अशी स्थिती होती. मोठा कारखाना चालविणे हे आपल्या लोकांचे काम नव्हे, असे पुष्कळांना मनापासून वाटे. हा समज खरा ठरता, तर गिरण्या कितीही निघाल्या तरी देश परावलंबीच राहिला असता.

जमशेटजींनी यावर जो उपाय केला, तो पाहून व्यापारी मंडळी चकित झाली असतील. गिरणीच्या व्यवस्थापकाच्या जागी त्यांनी बेझनजी दादाभाई मेहता या गृहस्थांची निवड केली. बेझनजी रेल्वेच्या मालखात्यात अधिकारी होते. सूत कसे निघते, माग कसा चालतो, याची त्यांना काहीच माहिती नव्हती. परंतु मालखात्याचे काम म्हणजे रोजची हजार कटकटी. कोणता माल कोठून आला, कोठे जायचा, कोणता डबा रिकामा, कोणता माणूस कामावर नाही, हे सारे ध्यानात ठेवून शांतपणे निर्णय घ्यावा लागतो. बेझनजींच्या अंगी ही व्यवस्थाशक्ती आहे, हे जमशेटजींनी ओळखले. सुताची विद्या शिकविता येते. माणसे जोडण्याची आणि जबाबदारी पेलण्याची वृत्ती मात्र मुळात असावी लागते, असा त्यांचा हिशेब होता.

यंत्रांच्या बाजूला मात्र त्यांनी जेम्स ब्रुक्सबी या लँकेशायरच्या कुशल तंत्रज्ञाला नेमले. जी विद्या आपल्याजवळ नाही, ती दुसऱ्याकडून घेण्यात त्यांना कमीपणा वाटत नसे. फक्त ती घेऊन आपल्या माणसांनी ती आत्मसात करावी, एवढाच त्यांचा कटाक्ष होता.

पहिली काही वर्षे अडचणीची गेली. आरंभी आणलेली यंत्रसामग्री उत्तम प्रतीची नव्हती. माल मनासारखा निघेना. कंपनीच्या भागांची किंमत बाजारात खाली आली. दुसरा एखादा मालक असता, तर त्याने अननुभवी व्यवस्थापकावर ठपका ठेवून त्याला घरी पाठविले असते. जमशेटजींनी बेझनजींवरचा विश्वास ढळू दिला नाही. दोष यंत्रांत होता. त्यांनी यंत्रे बदलली.

१८८३ च्या सुमारास सूत कातण्याची रिंग नावाची नवी चाती निघाली होती. जुन्या यंत्रापेक्षा तिचा वेग अधिक होता. लँकेशायरचे अनुभवी गिरणीवाले ती स्वीकारावी की नाही, या विचारात असतानाच नागपुरात तिचे प्रयोग सुरू झाले. ब्रुक्सबी यांनी थोड्या यंत्रांवर ती चालवून पाहिली, तिचे गुण-दोष टिपले आणि खात्री पटल्यावर जमशेटजींनी जुन्या चात्यांच्या जागी नव्या चात्या बसविल्या. ज्यांनी गिरण्यांची विद्या जगाला शिकविली, त्यांच्याही एक पाऊल पुढे नागपूरची गिरणी गेली.

यंत्रे सुधारली, तरी माणसांचा प्रश्न उरलाच होता. शेतावर वा घरच्या मागावर काम करणाऱ्या माणसाला भोंग्याच्या ठोक्याला हजर राहण्याची सवय नव्हती. हातात चार पैसे आले की तो सुखाने दोन दिवस घरी बसे. रोज कितीतरी मजूर गैरहजर राहत आणि यंत्रे रिकामी पडत. दंड करून माणूस कामावर येतो, पण त्याचे मन येत नाही. म्हणून जमशेटजींनी व बेझनजींनी दुसरा मार्ग धरला. नियमित व चांगले काम करणाऱ्यांना बक्षिसे देण्याची प्रथा त्यांनी पाडली. बक्षीस-समारंभाला कामगारांची कुटुंबे जमत आणि त्या सर्वांदेखत घड्याळे, दागिने, वस्त्रे यांचे वाटप होई. आपल्या कामाची कोणी दखल घेतो, हे माणसाला कळले की त्याच्या हाताला निराळाच वेग येतो.

गिरणीतील कोंदट हवा सुधारण्यासाठी व आग विझविण्यासाठी त्यांनी नवी यंत्रे बसविली. १८८६ मध्ये निवृत्तिवेतनासाठी निधी सुरू झाला. १८९५ पासून कामावर अपघात झालेल्या कामगारांना नुकसानभरपाई मिळू लागली. त्या काळात गिरण्यांतील काम दिवसभर चाले, श्रम फार पडत आणि असल्या सोयी देण्यास मालकांना बांधणारा कायदा आपल्या देशात नव्हता. तरी जमशेटजींनी त्या स्वतःहून दिल्या. यामागे दयाबुद्धी होती, तशी व्यवहारबुद्धीही होती. उद्याची काळजी मिटलेला कामगार गिरणी सोडून जात नाही आणि जो टिकतो तोच कसबी होतो, हे ते जाणून होते.

याहूनही दूरवरचा विचार त्यांनी केला, तो उमेदवारांचा. शिकलेल्या तरुणांना गिरणीत घेऊन त्यांना सूतकाम, विणकाम आणि कारभार यांचे प्रत्यक्ष शिक्षण देण्याची पद्धत नागपूरला सुरू झाली. त्या काळी शिकलेला तरुण सरकारी कचेरीची वा वकिलीची वाट धरी. तेलाने माखलेल्या यंत्राजवळ उभे राहणे त्याला हलकेपणाचे वाटे. नागपूरच्या गिरणीत मात्र पुस्तक वाचलेल्या हातांना यंत्रही उघडावे लागे आणि मजुरांशी बोलावेही लागे. अशा प्रकारे कापड विणणारी गिरणी कारभारी माणसे घडविणारी शाळाही बनली.

या शाळेची परीक्षा लवकरच झाली. १८८६ मध्ये जमशेटजींनी मुंबईजवळ कुर्ला येथील धरमसी मिल विकत घेतली आणि तिचे नाव स्वदेशी मिल ठेवले. ती गिरणी अत्यंत मोडकळीला आलेली होती. यंत्रे जुनाट, माल निकृष्ट, पैसा पाण्यासारखा जाई. टाटांची पत आता बुडणार, असे बाजारात बोलले जाऊ लागले. तिला पैसा पुरविण्यासाठी जमशेटजींनी एम्प्रेस मिलचे आपले काही भाग विकले. पण नुसत्या पैशाने गिरणी सुधारली नसती. तिला सावरण्यासाठी जाणती माणसे हवी होती आणि ती नागपूरच्या गिरणीतून आली. त्यांच्या परिश्रमाने स्वदेशी मिल हळूहळू उभी राहिली व तिचे सूत परदेशांतही खपू लागले. घडविलेली माणसे हीच अडचणीच्या वेळची ठेव होय, याचा प्रत्यय जमशेटजींना आला.

पुढे त्यांनी हेच काम आणखी विस्तृत केले. १८९२ मध्ये हुशार तरुणांना उच्च शिक्षणासाठी परदेशी जाता यावे, म्हणून त्यांनी एक निधी स्थापन केला. त्यातून मिळणारी रक्कम दान म्हणून नसे, ती कर्जाऊ असे. शिकून मिळवते झाल्यावर विद्यार्थ्याने ती परत करावी, म्हणजे तिच्यातून दुसऱ्याचे शिक्षण होईल, अशी ही योजना होती. तिचा लाभ घेणाऱ्या आरंभीच्या विद्यार्थ्यांत कोल्हापूरच्या डॉ. कृष्णाबाई केळवकर याही होत्या. त्यानंतर देशात विज्ञानाचे उच्च शिक्षण व संशोधन करणारी एक संस्था असावी, यासाठी आपल्या संपत्तीचा निम्मा भाग देण्याची तयारी त्यांनी दाखविली.

पोलादाचा कारखाना काढण्याची त्यांची इच्छाही नागपूरच्याच परिसरात रुजली. १८८२ मध्ये एका जर्मन भूगर्भशास्त्रज्ञाचा अहवाल त्यांच्या वाचनात आला. चांदा जिल्ह्यातील लोहारा येथे उत्तम लोखंडाचे खनिज आहे, असे त्यात म्हटले होते. परंतु खाणींविषयीचे सरकारी नियम इतके जाचक होते, की तो बेत जवळजवळ वीस वर्षे त्यांना मनातच ठेवावा लागला. नियम सैल झाल्यावर त्यांचे पुत्र दोराबजी चांद्याच्या रानात हिंडले. पण तेथील खनिज मोठ्या कारखान्याला पुरण्याजोगे दिसेना. निराश होऊन ते नागपूरच्या सरकारी कचेरीत आले. अधिकाऱ्यांची वाट पाहत असताना वेळ घालविण्यासाठी ते समोरच्या अजबखान्यात शिरले. तेथे भिंतीवर मध्यप्रांताचा एक रंगीत नकाशा होता. दुर्ग जिल्ह्याच्या भागात लोहखनिजाची खूण त्यांच्या नजरेस पडली आणि थांबलेला शोध पुन्हा सुरू झाला. तो अखेर मयूरभंजच्या डोंगरांत जाऊन संपला.

ही सारी फळे पाहण्याचे जमशेटजींच्या नशिबी नव्हते. १९ मे १९०४ रोजी जर्मनीत बाड नाउहाइम येथे त्यांचे देहावसान झाले. पण त्यांच्यामागे काम थांबले नाही. १९०७ मध्ये पोलादाची कंपनी स्थापन झाली आणि १९१२ मध्ये साकची येथील भट्ट्यांतून पोलाद बाहेर पडले. त्या गावालाच पुढे जमशेदपूर हे नाव मिळाले. १९०९ मध्ये बंगलोर येथे, म्हणजे आजच्या बेंगळुरूला, विज्ञानसंस्था निघाली. ती आजही नामवंत आहे. नागपूरच्या गिरणीचा कारभार बेझनजींनी दीर्घकाळ यशस्वीपणे पाहिला आणि त्यांच्यानंतर त्यांचे पुत्र सोराबजी यांनी तो वाहिला. कर्ता पुरुष गेल्यावर पुष्कळ कामे कोसळतात. जमशेटजींची कामे वाढत गेली, कारण ती पुढे नेणारी माणसे त्यांनी आधीच तयार करून ठेवली होती.

काळाच्या ओघात कापडगिरण्यांचे दिवस पालटले. यंत्रे जुनी झाली, नवे यंत्रमाग व नवे धागे आले आणि सव्वाशे वर्षे चाललेली एम्प्रेस मिल २००२ मध्ये कायमची बंद पडली. हजारो कुटुंबांना घास देणारा तो भोंगा आता नागपूरकरांना ऐकू येत नाही. गिरणी जेथे होती, त्या भागाचे रूपही पार बदलून गेले आहे.

इमारती पडतात, यंत्रे गंजतात. कोणताही कारखाना कायमचा नसतो. पण जबाबदारी टाकल्यावाचून माणूस जबाबदार होत नाही आणि विश्वास ठेवल्यावाचून तो मोठा होत नाही, ही गोष्ट जुम्मा तलावाजवळच्या त्या दलदलीत एकदा सिद्ध झाली, ती पुसली जाणारी नाही. रेल्वेच्या मालखात्यातील एका अधिकाऱ्याच्या हाती ३० हजार चात्यांची गिरणी देताना जमशेटजींनी जो धोका पत्करला, त्यातून हा देश आपले उद्योग आपणच चालवू शकतो, हा आत्मविश्वास जन्माला आला.